तामियाची आल्फा रोमिओ जूलिया स्प्रिंट जीटीए : १/२४ प्रमाणातील किटचे परीक्षण

साठच्या दशकातील युरोपीय टूरिंग कार शर्यतींमध्ये मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना घाम फोडणारी छोटी गाडी म्हणून आल्फा रोमिओच्या जूलिया स्प्रिंट जीटीएचे नाव आजही आदराने घेतले जाते, आणि तामिया या जपानी कंपनीचे तिचे १/२४ प्रमाणातील प्लास्टिक किट जुने असूनही जाणकारांच्या शोधात असते. मूळ गाडी सुमारे ४ मीटर ८ सेंटिमीटर लांबीची, म्हणजे तयार मॉडेल जेमतेम १७ सेंटिमीटरचे होते. एवढ्याशा आकारात त्या गाडीचे वेगळेपण कितपत उतरते, हाच या परीक्षणाचा मुख्य प्रश्न आहे. कारण जीटीएचे वेगळेपण तिच्यात काय बसवले यापेक्षा तिच्यातून काय काढून टाकले यात होते.

ही गाडी १९६५ साली ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात प्रथम दाखवण्यात आली. बर्टोने या इटालियन रचनासंस्थेसाठी काम करणाऱ्या तरुण जॉर्जेत्तो जुजारो यांनी रेखाटलेला कूपेचा, म्हणजे दोन दारांच्या गाडीचा आकार तसाच ठेवून, बाहेरचे पोलादी पत्रे काढून त्यांच्या जागी ॲल्युमिनियम मिश्रधातूचे पत्रे बसवले गेले. चाके मॅग्नेशियमची झाली, आतील सजावट कमी झाली, आणि अशा काटछाटीतून कोरडे वजन ७४५ किलोपर्यंत खाली आले. रस्त्यावरच्या गाडीत ११५ अश्वशक्ती देणारे १५७० घनसेंटिमीटरचे इंजिन, कार्लो किती यांच्या देखरेखीखालील आउटोडेल्टा या शर्यतविभागाच्या हाती गेल्यावर १७० अश्वशक्तीच्या आसपास पोहोचत असे. आंद्रेआ दे आदामिक यांनी १९६६ आणि १९६७ अशा लागोपाठ दोन वर्षी याच गाडीतून युरोपीय टूरिंग कार स्पर्धेत विजेतेपद मिळवले. अमेरिकेत १९६६ साली सेब्रिंग येथे झालेली ट्रान्स-ॲम मालिकेची पहिलीच शर्यत योखेन रिंट यांनी जीटीएतून जिंकली, तीही मोठ्या इंजिनाच्या अमेरिकी गाड्या मैदानात असताना.

किटची बॉडी एकसंध आणि बॉनेट सुटे आहे. बॉनेटची पुढची कड नाकाच्या पत्र्यापेक्षा किंचित वर राहिल्यामुळे तेथे एक पायरी दिसते, जिला इटालियन लोक ‘स्कालिनो’ म्हणतात. ही पायरी म्हणजे या पिढीच्या जूलियाची ओळखच आहे, आणि तामियाने ती अतिशय नेमकी पकडली आहे. छपराची उतरती रेषा, मागच्या काचेचा कल आणि चाकांवरच्या कमानींचा गोलावा यांचा मेळ मूळ गाडीच्या छायाचित्रांशी कोणत्याही कोनातून उत्तम बसतो. बाजूच्या आणि मागच्या काचा मूळ जीटीएतही वजन वाचवण्यासाठी ॲक्रिलिकच्या केलेल्या होत्या, त्यामुळे मॉडेलमध्ये काचेऐवजी पारदर्शक प्लास्टिक असणे येथे तरी अगदी अस्सल ठरते.

खरी मेजवानी इंजिनाच्या कप्प्यात आहे. जीटीएच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग होते. चार सिलिंडरांचे मिळून आठ. किटमधील इंजिन जसेच्या तसे जोडले तरी चांगले दिसते, परंतु साधारण ०.३ मिलिमीटर जाडीची तार घेऊन प्लगच्या आठ वायरी डिस्ट्रिब्यूटरपासून (ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागापासून) इंजिनाच्या सिलिंडर हेडपर्यंत नेल्या, की या इंजिनाचा स्वभाव पाहणाऱ्याला न सांगता कळतो. त्यासाठी लागणारी छिद्रे इंजिन चासिसवर बसवण्यापूर्वीच पाडून घ्यावीत, कारण नंतर बारीक ड्रिल तेथे पोहोचत नाही. इंजिनाच्या वरच्या झाकणाला चकचकीत चंदेरी रंग देण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ते मूळ गाडीत मॅग्नेशियम मिश्रधातूचे होते आणि त्याचा रंग निस्तेज, किंचित पिवळट झाक असलेला राखाडी असतो; चंदेरीत थोडा तपकिरी आणि थोडा मॅट रंग मिसळून तो सहज साधतो. दोन वेबर कार्ब्युरेटर मात्र त्याहून उजळ रंगवावेत, म्हणजे दोन धातूंमधील फरक स्पष्ट होतो.

चासिस, सस्पेन्शन आणि आतील भाग यांविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. सुटे भाग नेमके जुळतात आणि सूचनापत्रक चित्रांमधून सगळे सांगते.

रंगकामाविषयी मात्र विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण हे किट तेथेच बिघडते किंवा खुलते. एक साधा हिशेब करावा : मॉडेलवरचा रंगाचा थर ०.१ मिलिमीटर जाड झाला, तर खऱ्या गाडीच्या मापात तो २.४ मिलिमीटर होतो. वजन वाचवण्यासाठी ज्या गाडीचे पत्रेच बदलले, तिच्या अंगावर एवढा जाड लेप चढवणे म्हणजे तिची थट्टाच होय. प्राइमर, रंग आणि वार्निश यांचे प्रत्येकी पातळ हात द्यावेत, दरवाज्यांच्या फटी रंगाने बुजू देऊ नयेत आणि पॉलिश करतानाही आरशासारख्या चकाकीच्या मागे लागू नये. तामियाचा टीएस-८ हा स्प्रेच्या डब्यातला इटालियन लाल येथे शोभतो, पण तो राखाडी प्राइमरवर मंद आणि फिकट गुलाबी प्राइमरवर जिवंत दिसतो. मुंबई, ठाणे किंवा कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात लॅकर रंगाचे (झटपट सुकणाऱ्या, तीव्र द्रावकातील रंगाचे) काम काढू नये. दमट हवेत लॅकर सुकताना त्यावर दुधाळ साय धरते. घाई असेलच तर वातानुकूलित खोलीत ॲक्रिलिक रंग एअरब्रशने द्यावा, मात्र वाफ बाहेर जाण्याची सोय आधी पाहावी.

मूळ गाडीचे पत्रे रिव्हेटने जोडलेले होते आणि काही हौशी मंडळी ते रिव्हेट मॉडेलवर आवर्जून दाखवतात. माझ्या मते ते न दाखवलेलेच बरे. ४ मिलिमीटरचे रिव्हेटचे डोके १/२४ प्रमाणात ०.१७ मिलिमीटरचे होते, आणि हाताने केलेले प्रत्येक डोके त्याच्या दुप्पट-तिप्पट होऊन गाडीऐवजी बॉयलर दिसू लागतो.

डेकलपैकी, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायच्या छापील चित्रांपैकी, पांढऱ्या त्रिकोणातील हिरवे चौपर्णी पान विशेष जपून लावावे. हे शुभचिन्ह १९२३ साली आल्फा रोमिओचे शर्यतचालक उगो सिवोच्ची यांनी टार्गा फ्लोरिओ शर्यतीत पांढऱ्या चौकोनात रंगवून घेतले आणि ती शर्यत जिंकली. त्याच वर्षी मोंझा येथे सरावात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांच्या गाडीवर ते चिन्ह नव्हते, आणि त्यानंतर चौकोनाचा त्रिकोण झाला, असे सांगतात. एखाद्या ठरावीक शर्यतीतील ठरावीक गाडीच करायची असेल, तर क्रमांक आणि पट्टे यांची वेगळी डेकल घ्यावी लागतील. एका लहान उत्पादकाची अशी डेकल मी वापरली, तेव्हा त्यांतील पांढरा रंग इतका विरळ निघाला की लाल बॉडीवर क्रमांकाचे वर्तुळ गुलाबी दिसू लागले. त्यामुळे अशी डेकल लाल रंगावर लावण्यापूर्वी खाली तेवढ्याच आकाराचे साधे पांढरे वर्तुळ द्यावे.

पहिलेच मॉडेल म्हणून या किटची शिफारस मी करणार नाही. इंजिन आणि सुटे बॉनेट यांमुळे जोडणीचा क्रम नीट आखावा लागतो. दोन-तीन साध्या गाड्या करून झालेल्याला मात्र हे अवश्य घ्यावेसे वाटेल. भारतात ते सहजासहजी मिळत नाही. बाहेरून मागवताना किटसोबत स्प्रेचे डबे मागवू नयेत, कारण ज्वालाग्राही मालाच्या हवाई वाहतुकीवर निर्बंध असल्याने पार्सल अडकण्याची शक्यता राहते. रंग येथेच घ्यावेत. जुने किट खरेदी करत असाल तर डेकलचा कागद पिवळा पडलेला नाही ना, याचे छायाचित्र विक्रेत्याकडून आधी मागून घ्यावे.