ए३२० टाइप रेटिंग: पहिलं रेटिंग म्हणून घ्यावं का?

वैमानिकाचं कमर्शियल लायसन्स हातात आलं की पुढचा मोठा खर्च टाइप रेटिंगचा, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याच्या परवानगीचा. त्यात सर्वाधिक विकलं जाणारं रेटिंग एअरबस ए३२० चं. ते चांगलं आहे हे आधीच सांगतो. मात्र या रेटिंगचं मोल विमानाच्या गुणांवर ठरत नाही. ज्या कंपनीत तुम्ही जाणार तिच्या ताफ्यात आज किती विमानं आहेत, पुढच्या पाच वर्षांत किती येणार आहेत आणि त्याच्या वर चढायला दुसरं विमान आहे की नाही, यावर ते ठरतं. त्यामुळे ही समीक्षा अर्धी कोर्सची आणि अर्धी ताफ्याची आहे.

आधी कोर्स. दोन-तीन आठवडे सिस्टिम्सचा अभ्यास आणि लेखी परीक्षा, मग स्थिर ट्रेनरवर कॉकपिटची कार्यपद्धती, त्यानंतर फुल फ्लाइट सिम्युलेटरची चार-चार तासांची साधारण आठ-दहा सत्रं आणि शेवटी स्किल टेस्ट. चार तासांत दोघं असतात, म्हणजे प्रत्यक्ष उडवायला तुमच्या वाट्याला निम्मा वेळ येतो. म्हणून जोडीदार कोण हे महत्त्वाचं. जोडीदार कच्चा असला तर तुमचीही सत्रं वाया जातात, आणि जादा सत्राचे पैसे सहसा वेगळे लागतात. युरोपीय नियमांत नवख्या वैमानिकाला यानंतर खऱ्या विमानावर किमान सहा टेकऑफ-लँडिंगचं बेस ट्रेनिंग करावं लागतं. सिम्युलेटरची क्षमता आणि वैमानिकाचा अनुभव पुरेसा असेल तरच ते माफ होतं. बेस ट्रेनिंग शुल्कात धरलंय का, हे करारावर सही करण्याआधी लेखी घ्या. बहुतेक वाद इथेच होतात.

मुलं अडकतात त्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली एफएमए, म्हणजे ऑटोपायलट आणि ऑटोथ्रस्ट कोणत्या मोडवर आहेत हे दाखवणारी पडद्यावरची पट्टी, न वाचणं. बटण दाबलं म्हणजे मोड लागला असं गृहीत धरायचं आणि विमान भलतंच करत राहिलं की मग वर बघायचं, ही सवय परीक्षक दोन मिनिटांत पकडतो. दुसरी साइडस्टिक, म्हणजे बाजूची नियंत्रण-दांडी, ढवळत राहणं. नॉर्मल लॉमध्ये, म्हणजे नियंत्रण-संगणक पूर्ण काम करत असताना, स्टिक लोड फॅक्टर (विमानावरचा भार) आणि रोल रेट (कलण्याचा वेग) मागते, ट्रिम आपोआप होतो. ठरलेली अवस्था साधली की हात सैल सोडायचा. केबलने नियंत्रणं चालणाऱ्या विमानांवरून आलेल्यांना हे जड जातं. तिसरी फ्लेअर, म्हणजे जमिनीला टेकण्याआधी नाक थोडं उचलणं. पन्नास फुटांवर फ्लेअर मोड लागतो आणि तीस फुटांपासून नाक हळूहळू खाली झुकू लागतं, म्हणून स्टिक थोडी मागे ओढावीच लागते. हे कारण न समजता नुसतं 'ओढा' म्हणून शिकवलं, की लँडिंग एकदा आपटतं आणि एकदा तरंगत जातं. चौथी व्ही-वन (ज्याच्या पुढे टेकऑफ थांबवायचा नसतो तो वेग) नंतर इंजिन बंद पडणं. तिथे पडद्यावरचं निळं बीटा टार्गेट (विमान बाजूला किती घसरतंय ते दाखवणारी खूण) रडरने मध्यावर आणायचं असतं. मुलं स्टिकने पंख सरळ करत बसतात आणि रडर उशिरा पडतो.

थ्रस्ट लिव्हर्सबद्दल, म्हणजे इंजिनांची ताकद ठरवणाऱ्या दांड्यांबद्दल, एक टीप. ऑटोथ्रस्ट चालू असताना त्या हलत नाहीत, क्लाइंब खाचेतच राहतात. इंजिनं काय करताहेत हे हाताला कळत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. बोइंगवरून येणाऱ्यांना महिनाभर हे खटकतं.

आता या रेटिंगचा खरा गुण. ए३१८ ते ए३२१, जुनं इंजिन असो वा निओ (नव्या इंजिनाचं), सगळं एकाच रेटिंगवर उडतं. फरकांचं छोटं प्रशिक्षण पुरतं. २०२४ च्या अखेरीस सेवेत आलेलं ए३२१ एक्सएलआरही याच रेटिंगमध्ये आहे आणि ते सुमारे ८,७०० किलोमीटर जातं. वर चढायचं तर ए३३० साठी पूर्ण कोर्स करावा लागत नाही. पूर्ण कोर्सला पंचवीसेक दिवस लागतात, तर ए३२० वरून येणाऱ्याला आठ-दहा दिवसांचा रूपांतर कोर्स पुरतो. ए३३० वरून ए३५० तर फरकांच्या प्रशिक्षणावर मिळतं. बोइंगकडे हीच शिडी वरच्या मजल्यावर आहे. ७७७ आणि ७८७ ला अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे एकच रेटिंग आहे, ७५७ आणि ७६७ ला १९८३ पासून. पण ७३७ आणि ७८७ चं रेटिंग वेगळं आहे. ७३७ रेटिंग वाईट नाही, नोकऱ्या भरपूर आहेत, पण खालून वर जायची एअरबससारखी सोपी पायरी त्यात नाही.

शिडी असणं आणि चढायला मिळणं या मात्र दोन गोष्टी आहेत. नोकरीची जाहिरात वाचताना बहुतेक जण इथे फसतात, म्हणून थोडं गणित मांडतो.

नॅरोबॉडी (ए३२० किंवा ७३७ सारखं, मधे एकच वाट असलेलं) विमान वर्षाला सुमारे ४,२०० तास उडतं असं धरा. दोन वैमानिक, म्हणजे ८,४०० वैमानिक-तास. वार्षिक कमाल मर्यादा युरोपात ९०० तास आहे आणि अमेरिकेत १,०००, पण रजा, प्रशिक्षण आणि राखीव ड्यूटी वजा जाता माणशी साडेसातशे तास पडतात. म्हणजे एका विमानाला अकरा वैमानिक, त्यातले साडेपाच कॅप्टन. शंभर विमानांच्या कंपनीत ५५० कॅप्टन आणि ५५० फर्स्ट ऑफिसर. कॅप्टन सरासरी वीस वर्षं कमांडवर (कॅप्टनच्या खुर्चीत) राहतो असं धरलं, तर वर्षाला सत्तावीस-अठ्ठावीस जागा निवृत्तीने मोकळ्या होतात. ताफा वाढलाच नाही तर यादीत शेवटी असलेल्याला कमांडसाठी वीस वर्षं थांबावं लागेल. तीच कंपनी दर वर्षी वीस विमानं आणत असेल तर ११० नव्या कॅप्टनच्या जागा निर्माण होतात आणि निवृत्ती धरून ती रांग चार वर्षांत सरकते. सोडून जाणारे, नापास होणारे धरले नाहीत, त्यामुळे आकडे ढोबळ आहेत. पण वीस आणि चार यांच्यातला फरक विमानांच्या ऑर्डरनेच पडतो, वैमानिकाच्या कौशल्याने नाही.

वाइडबॉडीचं, म्हणजे दोन वाटांच्या मोठ्या विमानांचं, गणित उलटं फिरतं. विमान वर्षाला पाच हजार तास उडतं, लांबच्या फ्लाइटवर तीन-चार वैमानिक असतात, म्हणून एका विमानाला वीस-बावीस जण लागतात. पण त्या चौघांत कॅप्टन बहुधा एक किंवा दोन. जागा जास्त, कमांडचं प्रमाण कमी. शिवाय महिन्याला चारच फ्लाइट आणि त्यातलं लँडिंग चौघांत वाटलं गेलं, तर ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंगची अट जेमतेम पुरी होते, एखादी फ्लाइट हुकली की सिम्युलेटर गाठावा लागतो. लॉगबुकात तास पटापट चढतात, हात मात्र चढत नाही. काही मोठ्या कंपन्यांत नवख्याला सेकंड ऑफिसर म्हणून थेट वाइडबॉडीवर घेतात. टेकऑफ आणि लँडिंगला नियंत्रणं त्याच्याकडे नसतात. बाहेर नोकरी शोधताना ते तास कमी मोलाचे ठरतात, हे आधी माहीत असावं.

एकच ताफा असलेल्या कंपन्यांचा एक मोठा फायदा कमी बोलला जातो. साउथवेस्ट फक्त ७३७ उडवते. तिथे मोठ्या विमानावर कोण गेलं, त्याच्या जागी कोण आलं, ही साखळी नाही. मिश्र ताफ्यात वाइडबॉडीचा एक कॅप्टन निवृत्त झाला की त्याच्या खुर्चीत नॅरोबॉडीचा कॅप्टन जातो, त्याच्या जागी वाइडबॉडीचा फर्स्ट ऑफिसर खाली येऊन कमांड घेतो, त्याच्या जागी नॅरोबॉडीचा फर्स्ट ऑफिसर वर जातो आणि शेवटी नवी भरती. एका निवृत्तीमागे चार प्रशिक्षणं. प्रत्येकाला सिम्युलेटरचा स्लॉट आणि प्रशिक्षक लागतो. म्हणून अशा कंपन्या 'फ्रीझ' लावतात: एका विमानावर आलात की ठरावीक वर्षं दुसरीकडे अर्ज करायचा नाही. फ्रीझ किती वर्षांचा आणि कमांड आली तर तो सुटतो का, हे भरतीच्या वेळीच विचारा.

पगाराची रचनाही बघा, कारण धावाधाव तिच्यामुळेच होते. अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांत विमान मोठं तर तासाचा दर मोठा, म्हणून सगळे वरच्या विमानामागे लागतात आणि साखळी अखंड चालते. मालवाहू कंपनी यूपीएसमध्ये दर विमानावर नाही, खुर्चीवर (कॅप्टन की फर्स्ट ऑफिसर यावर) आहे, त्यामुळे लोक आपल्या सोयीचं विमान धरून बसतात. माझ्या मते दुसरी पद्धत वैमानिकाच्या आयुष्याला आणि कंपनीच्या प्रशिक्षण विभागाला दोघांनाही बरी.

ताफ्याचा निर्णय किती दूरवर पोचतो याचं अमेरिकेतलं उदाहरण बघा. तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या वैमानिक करारांनुसार त्यांच्यासाठी छोटी विमानं उडवणाऱ्या प्रादेशिक भागीदार कंपनीला ७६ आसनं आणि ८६,००० पौंड वजनाच्या वर जाता येत नाही. एम्ब्राएरचं ई१७५-ई२ त्या वजनात बसलं नाही, म्हणून प्रादेशिक वैमानिकाला नवं विमान मिळालं नाही. जुन्या ई१७५ वरच त्याचे तास जमा होत राहिले.

आणि धोके. २०२० मध्ये केएलएम, क्वांटास आणि ब्रिटिश एअरवेज यांनी ७४७, एअर फ्रान्सने ए३८० आणि डेल्टाने ७७७ ताफ्यातून काढलं. त्या विमानांवरचे ज्येष्ठ लोक दुसऱ्या विमानांवर आले की खालच्यांची रांग लांबते. ७३७ मॅक्स मार्च २०१९ पासून अमेरिकेत २०२० च्या नोव्हेंबरपर्यंत जमिनीवर होतं. २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या गिअर्ड टर्बोफॅनमधला धातूच्या भुकटीचा दोष बाहेर आला आणि त्या इंजिनाची कितीतरी ए३२० निओ उभी राहिली. रेटिंग तेच, विमान तेच, पण ज्या कंपनीने ते इंजिन निवडलं तिथे कमांडचे वर्ग पुढे ढकलले जाण्याची पाळी आली. म्हणून ऑर्डरबुक (कंपनीने मागवलेल्या विमानांची यादी) वाचताना इंजिनाचं नावही वाचा.

एटीआर या छोट्या टर्बोप्रॉप विमानांबद्दल थोडंसं. ४२ आणि ७२ एकाच रेटिंगवर, दिवसाला पाच-सहा सेक्टर (उड्डाणं), हात पक्का होतो आणि कमांड लवकर येते. पण ७२-६०० चं वजन साधारण २३ टन, आणि जेटच्या थेट कॅप्टन भरतीत जेटचे किंवा जड विमानाचेच तास मोजले जातात. ज्या कंपनीकडे एटीआर आणि ए३२० दोन्ही आहेत आणि सीनियॉरिटी यादी एकच आहे, तिथे एटीआर बिनधास्त घ्या. यादी वेगळी असेल तर एटीआरचा कॅप्टन जेटवर जाताना पुन्हा उजव्या, म्हणजे फर्स्ट ऑफिसरच्या, खुर्चीत, तोही यादीच्या तळाशी.

तर ए३२० रेटिंग स्वतःच्या खर्चाने कोणी घ्यावं? ज्याच्या हातात लेखी भरतीपत्र आहे किंवा ज्याची कंपनी रेटिंगसाठी ठरावीक मुदत देऊन थांबली आहे त्याने. नुसत्या आशेवर घेऊ नये. युरोपीय नियमांत रेटिंगची मुदत एक वर्षाची, आणि शून्य लाइन-तासांच्या (कंपनीच्या नेहमीच्या उड्डाणांवरच्या तासांच्या) रेटिंगला बाजारात फारशी किंमत नसते. नोकरी नसताना मुदत संपली की रिफ्रेशर आणि पुन्हा चेक, दोन्ही स्वखर्चाने. कंपनी रेटिंग देत असेल तर बाँडचे (ठरावीक काळ कंपनी न सोडण्याच्या हमीचे) दिवस रेटिंगचा कोर्स संपल्यापासून मोजतात की लाइन चेक पास झाल्यापासून, ते करारात शोधा. लाइन ट्रेनिंगला नवख्याला चाळीस ते शंभर सेक्टर लागतात. विमानं कमी पडली की तेच काही महिने लांबतं आणि बाँड तेवढाच पुढे सरकतो.