मनगटदुखी: पट्टा घ्यावा की समुपदेशन?

सांगलीतल्या आमच्या वहिनी शिवणकाम करतात. उजवं मनगट सहा महिने ठणकतंय, एक्स-रे साफ. आता मनगटाला आधार देणारा पट्टा घ्यायचा, की डॉक्टर म्हणतात तसं समुपदेशकाकडे जायचं? "म्हणजे मी नाटक करतेय का?" हा त्यांचा खरा राग. तसं मुळीच नाही. दुखणं खरंच असतं. पण ३ महिन्यांच्या पुढे रेंगाळलं की मज्जासंस्थाच हळवी होऊ शकते, आणि अपुरी झोप, धास्ती, "हात कायमचा गेला" हा घोर त्यात भर घालतात.

खर्चात पट्टा स्वस्त. एकदा पैसे दिले की झालं. समुपदेशनाला दर बैठकीची फी, वर मिरजेचे हेलपाटे. (टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात, पण तो सुरुवातीपुरता.)

कष्ट मात्र समुपदेशनात जास्त. वहिनी हल्ली चहाचा कपही डाव्या हाताने उचलतात. समुपदेशनात नेमकी हीच हात टाळायची सवय मोडायची असते: आज दहा मिनिटं कात्री, थोडं दुखलं तरी न घाबरता, मग हळूहळू वाढवत. पट्ट्याला गृहपाठ नाही. पण तो दिवसरात्र बांधून ठेवला तर मनगट आखडतं, स्नायू दुबळे होतात आणि भीती तशीच राहते.

नुकतीच मुरगळ असेल किंवा रात्री अंगठ्याला-बोटांना मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना विचारून पट्टा. पडल्यानंतर अंगठ्याच्या बुडाशी दुखत असेल तर पुन्हा तपासणी. तिथलं बारीक फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत निसटू शकतं. तपासण्या साफ, दुखणं जुनं आणि हात वापरायचीच धास्ती, तर फिजिओथेरपीच्या जोडीने समुपदेशन. वहिनींना मी हेच सुचवलंय.