बारा आण्यांचे दोन आणे

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

सेवा कोणती, तर घरी येऊन पाहणारी हॉस्पिस सेवा, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसाची काळजी घेणारी, इंदूरमधली. ट्रस्टची आहे. नाव लिहीत नाही, कारण दोन सिस्टर, एक डॉक्टर आणि एक जुनी मारुती व्हॅन एवढाच त्यांचा पसारा आहे, आणि खाली मी त्यांची तक्रारही करणार आहे. ज्यांना गरज असेल त्यांनी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना ‘पॅलिएटिव्ह केअर’ (दुखणं, त्रास कमी करणारी काळजी) हाच शब्द वापरून विचारावं. आपणहून सांगतातच असं नाही. आम्हाला नाही सांगितलं.

पेशंट माझे सासरे, अण्णा, वय 81. स्टेट बँक ऑफ इंदोरचे हेड कॅशियर. 2010 मध्ये ती बँक स्टेट बँकेत विलीन झाली, पण अण्णांची ‘आपली बँक’ शेवटपर्यंत तीच. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात आणि कमरेच्या हाडांत उतरला होता. मे महिन्यात मोठ्या डॉक्टरांनी फाईल मिटवली आणि म्हणाले, “अब घर ले जाइए, सेवा कीजिए।” सेवा म्हणजे नेमकं काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायचं आम्हाला सुचलं नाही. दोन महिने केली आपली सेवा. गरम पाण्याची पिशवी दिली, मोसंबीचा रस दिला, आणि रात्री ते कण्हायला लागले की मी आणि हे एकमेकांकडे बघत बसलो. कूस बदलताना ते उशीचा कोपरा दातात धरायचे. सुनेसमोर ओरडायचं नाही म्हणून.

शेवटी माझ्या शिकवणीतल्या एका मुलीच्या आईने नंबर दिला.

सिस्टर पहिल्यांदा आल्या ती जुलैची चार तारीख. दीड तास बसल्या. आधी गादी बघितली, पाठ बघितली, जीभ बघितली, मग विचारलं, “बाबूजी, दर्द कितना है? जीरो से दस में।” अण्णांना हे दहाचं प्रकरण पटेना. म्हणाले, “बारा आणे.” सोळातले बारा म्हणजे दहातले साडेसात, हे गणित सिस्टरना मी करून दिलं. त्यांनी चार्टवर 7.5 लिहिलं. पुढे अडीच महिने आमच्या घरी दुखणं आण्यांतच मोजलं गेलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले आणि मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. दर चार तासांनी एक, घड्याळ लावून, दुखो न दुखो. रात्री दहाला दोन एकदम, म्हणजे दोन वाजता झोपमोड नको. मधेच कळ आली तर जादा एक. आणि त्याच दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिनची गुंगी काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र पाठ सोडत नाही. हे सगळं आधी सांगितलं होतं म्हणून बरं. पहिले तीन दिवस अण्णा नुसते पेंगत होते, तेव्हा आम्ही घाबरून गोळ्या बंद केल्या असत्या. चौथ्या दिवशी चार आणे. दहाव्या दिवशी दोन.

मुंबईचे थोरले दीर फोनवर भडकले. हॉस्पिस म्हणजे त्यांच्या डोक्यात वांद्र्याचं शांती अवेदना सदन, 1986 पासूनचं, देशातलं पहिलं. “तिथे शेवटाला नेतात माणसाला. आणि तुम्ही अफू देताय? सवय लागेल!” अण्णांनी फोन मागून घेतला. नोकरीची चार वर्षं त्यांनी नीमचला काढली होती. अफूचा सरकारी कारखाना तिथेच, त्यातून मॉर्फिन काढतात. अफू पिकवायचा सरकारी परवाना असलेले शेतकरी मार्चनंतर पैसे घेऊन काउंटरवर यायचे. “अरे, त्या अफूचे पैसे मी या हातांनी मोजलेत,” अण्णा म्हणाले. “आता तिचं व्याज खातोय. आणि 81व्या वर्षी सवय लागून मी कुठे जाणार आहे?”

मला मात्र राग येत होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. अफूची पांढऱ्या फुलांची शेतं मंदसौर-नीमचला, आणि इंदूरमध्ये माणूस उशी चावतोय. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर परवान्यांच्या कटकटीपायी बऱ्याच दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 च्या दुरुस्तीने नियम सोपे झाले, तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलवर ते मिळत नाही. हे लोक घरी आणून देतात, मोजून, सही घेऊन. दर सोमवारी गोळ्यांच्या पट्ट्यांची मोजणी व्हायची, आणि ती अण्णा स्वतः करायचे, अंगठ्याला थुंकी लावून, नोटा मोजल्यासारखी.

दोन आण्यांवर आल्यावर अण्णांनी काय केलं, तर लॉकरची किल्ली कुठे आहे ते यांना सांगितलं, सगळ्या एफडींची नॉमिनी तपासून घेतली, आणि भुट्ट्याचा कीस मागितला. दोन चमचे खाल्ला. जिरावन मसाला कमी आहे म्हणाले.

नंतर मी वाचलं की बॉस्टनमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांना निदानापासूनच ही काळजी दिली, तर ते इतरांपेक्षा सरासरी पावणेतीन महिने जास्त जगले. 2010 सालचा अभ्यास. अण्णांचा आजार वेगळा, तो आकडा आम्हाला लागू नाही. मी हिशेब करते तो मे आणि जूनचा.

आता तक्रार. अनंत चतुर्दशीची रात्र, गावात झाँकी, म्हणजे चित्ररथांची मिरवणूक, राजवाड्याकडचे रस्ते बंद. अण्णांना एकाएकी धाप लागली. सेवेचा ‘चोवीस तास’ म्हणून दिलेला नंबर अकरापासून पावणेएकपर्यंत कोणी उचलला नाही. मी औषधांची वही उघडून, अण्णांना टेकून बसवलं, टेबलफॅन तोंडासमोर धरला, जादाची गोळी दिली. हे सगळं त्यांनीच शिकवलेलं, ते मान्य. पण त्या पावणेदोन तासांचा तारा मी कापणारच. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माफी मागितली, आपला स्वतःचा नंबर दिला आणि रात्रीच्या औषधांची एक वेगळी डबी भरून ठेवली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. रविवारी भेट नसते, हेही आधी सांगत नाहीत.

पितृपक्षात अण्णांचं खाणं सुटलं. शेजारच्या काकू सलाईन लावा म्हणून मागे लागल्या. सिस्टर म्हणाल्या, पाणी अंगात साठेल, छाती भरेल, त्यापेक्षा ओल्या कापसाने ओठ पुसा, तूप लावा. घसा घरघरायला लागला तेव्हा कुशीवर वळवायला शिकवलं. मोसंबी बंद झाली. तोवर मॉर्फिनपेक्षा मोसंबीचाच खर्च जास्त झाला होता. भेटीचे पैसे ते घेत नाहीत. पेटीत टाकाल ते.

अण्णा पहाटे गेले, आपल्या खोलीत, यांचा हात धरून.

चौथ्या दिवशी सिस्टर एअरबेड न्यायला आल्या. उरलेल्या गोळ्याही परत द्याव्या लागतात. वहीप्रमाणे 38 हव्या होत्या. मोजल्या, 37 भरल्या. सिस्टर “रहने दीजिए भाभी” म्हणाल्या, पण हेड कॅशियरच्या घरात एकाची तूट कशी चालेल? कपाट काढलं, उश्या झटकल्या. शेवटी ती अण्णांच्या चष्म्याच्या डबीत सापडली, पट्टीतून कापलेली, कागदात गुंडाळून. कागदावर त्यांच्या अक्षरात झाँकीच्या दुसऱ्या दिवसाची तारीख होती.

38. सही केली.