गच्चीवरच्या कुरडया आणि फोनमधलं रडार

मार्च ते मे माझा जीव आभाळात टांगलेला असतो. नागपुरात अंबाझरी लेआऊटला आमचं घर आहे आणि घराच्या गच्चीवर गेली अकरा वर्षं मी वाळवणाचा धंदा करते. कुरडया, सरगुंडे, मुगाच्या वड्या, ज्वारीचे पापड, भरलेल्या मिरच्या. कुरडईचा गहू तीन दिवस भिजवायचा, वाटून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा, पहाटे उठून शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. एवढं करून अर्धवट वाळलेल्या कुरडईवर दहा मिनिटं अवकाळी पडला की सगळं गेलं. पुन्हा उन्हात टाकली तरी आंबूस वास जात नाही, आणि तळली की लाल पडते. असा माल मी गिऱ्हाइकाला देत नाही.

म्हणून फोनवर ‘आत्ता काय चाललंय’ हे सांगणारं जे जे मिळालं, ते मी वापरून पाहिलं. हवामान, विजा, गाड्या, बाजारभाव, हवेतली धूळ. सगळं फुकटात मिळतं, पण सगळं सारख्या कामाचं नाही. घरात माझ्या सासूबाई आहेत, वय ब्याऐंशी. त्या माझ्या फोनला हात लावत नाहीत, पण मी काहीही वाचून दाखवलं की पहिला प्रश्न ठरलेला: “केव्हाचं आहे हे?” मीही आता याच प्रश्नावर एकेकाची परीक्षा घेते.

फोनसोबत आलेलं हवामानाचं ॲप मी दोन मोसम वापरलं आणि सोडलं. त्यावर सूर्याचं चित्र होतं, खाली पावसाची शक्यता पाच टक्के, आणि माझ्या डोक्यावर टपोरे थेंब पडत होते. त्या दिवशी साडेचार किलो गव्हाच्या कुरडया गेल्या. पुढे कळलं की तो अंदाज होता, सकाळी कधीतरी काढलेला. गच्चीवर उभ्या असलेल्या बाईला अंदाज पुरत नाही, तिला ढग कुठवर आलाय ते पाहिजे.

ते दाखवतं रडार. हवामान खात्याचं डॉप्लर रडार नागपुरातच आहे आणि त्याची चित्रं खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. साधारण दर दहा मिनिटांनी नवं चित्र येतं. तिथे चार-पाच प्रकार असतात. मी मॅक्स झेड नावाचं उघडते. मधे नकाशा, आणि वर व उजवीकडे एकेक पट्टी. या पट्ट्यांवर ढगाची उंची दिसते, हे समजायला मला वर्ष लागलं. नकाशावर दोन ठिपके सारखेच हिरवे-पिवळे असले तरी पट्टीत एक बसका असतो आणि एक उंच चढलेला. उंच चढलेल्याला मी घाबरते. गारा असल्याच तर त्याच्याकडूनच येतात.

एप्रिलमधली एक दुपार सांगते. तीन वाजले होते, ऊन असं की पाय ठेववत नव्हता. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, “ताई, काटोलकडून भरून येऊन राहिलं.” मला तर डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, फक्त क्षितिजाशी मळकट रेघ. रडार उघडलं. काटोलच्या अलीकडे पिवळा गोळा, त्याच्या पोटात लाल. मागची तीन चित्रं एकामागून एक बघितली. प्रत्येक चित्रात तो थोडा थोडा पूर्वेला सरकत होता. बोटानं अंतर मोजलं आणि हिशेब केला: तास-सव्वा तास. घाई न करता आम्ही आधी ओल्या कुरडया उचलल्या, मग वड्या, आणि मिरच्या सगळ्यात शेवटी. चार वाजून वीस मिनिटांनी वारा सुटला आणि साडेचारला धो धो. मावशींचा डोळा माझ्या रडारपेक्षा आधी चालला हे मी मान्य करते. पण केव्हा येणार हे रडारनं सांगितलं, आणि आधी काय उचलायचं ते मला त्यावरून ठरवता आलं.

रडारच्या दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. चित्रावरची वेळ पुष्कळदा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. तिच्यात साडेपाच तास मिळवायचे, मग आपली वेळ. सुरुवातीला नऊ पंचवीसचा आकडा बघून मी ‘हे तर सकाळचं, जुनं आहे’ म्हणून पान बंद केलं होतं. ते दुपारचे दोन पंचावन्न होते, अगदी ताजं चित्र. दुसरी गोष्ट, दिव्याखाली अंधार. रडारची तबकडी सरळ डोक्यावरचं बघत नाही, त्यामुळे रडारच्या ऐन माथ्यावरच्या ढगाचं वरचं अंग तिला दिसत नाही. आम्ही नागपूरकर नेमके त्या दिव्याखाली राहतो. काटोल, वर्धा, उमरेड इथपर्यंत आलेलं रडारवर बघावं. शहरावर आलं की मान वर करून बघावं.

त्याच्या जोडीला दामिनी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं विजेचं ॲप. आपल्या जागेभोवती वर्तुळ आखलेलं असतं आणि गेल्या पाच, दहा, पंधरा मिनिटांत कुठे वीज पडली ते वेगवेगळ्या रंगांत दिसतं. ‘केव्हाचं आहे’ याचं उत्तर रंगातच. हे ॲप मी मालासाठी वापरत नाही, माणसांसाठी वापरते. गच्चीवर लोखंडी तारा आहेत, पत्र्याची शेड आहे. वर्तुळाच्या आत ताज्या रंगाचा एक जरी ठिपका दिसला तर दोघी मावशींना मी खाली बोलावते, मग वर कितीही माल असो. पहिल्या वर्षी त्या ऐकत नसत, “एवढं आवरून येतो” म्हणत. आता जिन्यातूनच विचारतात, “ठिपका आला काय?”

३० मे २०२४ चा दिवस नागपुरात कोणी विसरणार नाही. दुपारी घराघरातल्या फोनवर एकच आकडा फिरत होता: नागपूर ५६ अंश. रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित केंद्राचा आकडा होता तो. रामदासपेठ माझ्या घरापासून फार लांब नाही. नणंदेचा पुण्याहून रडवेला फोन आला, आईंना आत घ्या म्हणून. त्यांना मी केव्हाच आत घेतलं होतं, पण मला तो आकडा पटत नव्हता. नागपूरचा उन्हाळा आम्हाला पाठ आहे. २३ मे २०१३ ला ४७.९ झालं होतं, तेव्हाही मी गच्चीवर होते. ५६ म्हणजे त्याच्याही वर आठ अंश, आणि मिरच्या तर रोजच्यासारख्याच वाळत होत्या. मी दुसरी केंद्रं शोधली. खापरीकडे कापूस संशोधन संस्थेत ४४ च्या आसपास होतं. पुढे हवामान खात्यानंच सांगितलं की त्या केंद्राचा सेन्सर बिघडला होता. ताजा आकडा खराही असेल असं नाही. त्या दिवसापासून कुठलाही विचित्र आकडा दिसला की मी शेजारच्या केंद्राला विचारल्याशिवाय कोणाला पाठवत नाही.

हवेच्या धुळीचं थोडक्यात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं समीर ॲप चांगलं आहे, पण जो मोठा रंगीत निर्देशांक दिसतो तो धुळीच्या बाबतीत गेल्या चोवीस तासांची सरासरी असतो. दम्याच्या माणसानं दिवस कसा जाणार ते ठरवायला तो ठीक. समोरच्या प्लॉटवर आत्ता सिमेंटचा ट्रक रिकामा होतोय का, ते त्यात कळत नाही. तेवढ्यासाठी मी कठड्यावरून बोट फिरवते आणि वड्यांवर धोतर पसरते.

आता गाड्या. माझा बराच माल मुंबईला नणंदेच्या ओळखीत जातो, आणि गहू, मूग अकोल्याहून माझे भाऊ घेऊन येतात, विदर्भ एक्स्प्रेसनं. स्टेशनवर दोन पोती उतरवायला ऑटो आणि माणूस लागतो, म्हणून वेळ नेमकी पाहिजे. दोन ॲप आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. रेल्वेचं स्वतःचं एनटीईएस, आणि ‘व्हेअर इज माय ट्रेन’, जे बंगळुरूच्या मुलांनी काढलं आणि २०१८ मध्ये गूगलनं घेतलं. दुसऱ्याची खुबी अशी की गाडीत बसलेल्या माणसाला ते इंटरनेटशिवाय, मोबाइलच्या टॉवरवरून गाडी कुठे आहे ते सांगतं. भाऊ गाडीतून बघतात तेव्हा ते अगदी बिनचूक. घरी बसून बघायला मला एनटीईएस बरं वाटतं. आता कितीतरी इंजिनांवर इस्रोच्या मदतीनं केलेलं यंत्र बसलंय, ते दर तीस सेकंदांनी गाडीची जागा कळवू शकतं.

तरीसुद्धा ‘४० मिनिटं उशीर’ हा आकडा डोळे मिटून घ्यायचा नाही. मोठ्या स्टेशनच्या आधी वेळापत्रकात मोकळी मिनिटं ठेवलेली असतात. वर्ध्याला चाळीस मिनिटं उशिरानं सुटलेली गाडी नागपूरला वीस मिनिटांच्या उशिरानं लागू शकते, आणि ‘अजून वेळ आहे’ म्हणणारा ऑटोवाला स्टेशनजवळच्या रामझुला पुलावर अडकलेला असतो. कधी याच्या उलट होतं, गाडी अजनीपाशी येऊन उभीच राहते. म्हणून मी उशिराचा आकडा बघत नाही, गाडीनं सोडलेलं शेवटचं स्टेशन बघते. गाडीनं बुटीबोरी सोडलं की मी ऑटोला फोन करते. यात मी सहसा चुकत नाही.

बाजारभावाचं पान हे सगळ्यात कमी ‘लाइव्ह’ आणि तरी मला फार प्रिय. राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीवार भाव असतात: आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर, सगळं क्विंटलमध्ये. भरलेल्या मिरचीला आणि तिखटाला मी भिवापुरी घेते, आणि कळमन्याच्या बाजारात जायच्या आधी हा तक्ता बघून जाते. आधी तारीख बघायची, कारण समितीनं भरलं तरच भाव दिसतो आणि कालचाच आकडा आज दिसत राहतो. मग आवक बघायची, भाव नंतर. आवक एकदम पडलेली दिसली की दोन-चार दिवसांत भाव चढतो, हे मला अडत्यानं शिकवलं. अडत्यासमोर उभं राहून ‘काल सर्वसाधारण इतका होता ना भाऊ’ एवढं म्हणता येणं याचं मोल मला माहीत आहे. पहिली पाच वर्षं मी तो सांगेल तो भाव देऊन येत होते.

एक राहिलं, आणि ते सांगायलाच मी लिहायला बसले होते.

२२ सप्टेंबर २०२३, शुक्रवार. घरी महालक्ष्म्या बसल्या होत्या, पूजन झालं, सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, सत्तर पानं उठली. सगळे थकून झोपले. पाऊस मध्यरात्रीनंतर लागला. त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदी घराघरात शिरली. शहरात चार जीव गेले. आम्हाला जाग आली ती खालच्या खोलीत गॅसची शेगडी भिंतीवर आपटल्याच्या आवाजानं. अंधारात पाणी कमरेला लागत होतं. माझ्या मुलानं आणि त्याच्या बाबांनी सासूबाईंना खुर्चीसकट जिन्यावर चढवलं. मी मुखवटे उचलले. चक्की, गव्हाची सहा पोती, वर्षभराची मिरची खालीच राहिली.

फोन माझ्या उशाशी होता. रडार त्यावर होतं, दामिनी होतं. पण झोपलेलं माणूस रडार उघडत नाही. त्यानंतर मी एनडीएमएचं, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं, सचेत ॲप घेतलं, ते आपणहून इशारा पाठवतं, आणि पावसाळ्यात रात्री त्याचा आवाज मी बंद करत नाही. हवामान खात्याचा नाउकास्ट, म्हणजे पुढच्या तीन तासांचा अंदाजही झोपण्याआधी बघते. इशारा नारिंगी असेल तर पोती वर.

पण हे सगळं आभाळाचं झालं. मला तलावाचं पाहिजे. अंबाझरीचं पाणी आत्ता सांडव्यापासून किती खाली आहे, एवढा एकच आकडा, वेळेसकट. सांडव्यावर एक रंगवलेली पट्टी आणि तिच्याकडे रोखलेला एक कॅमेरा, एवढ्यानं आमच्या गल्लीतल्या चाळीस घरांना झोप लागेल. असं पान मी दोन पावसाळे शोधतेय, मला सापडलेलं नाही. कोणाला माहीत असेल तर खरंच कळवा.

तोवर मोठा पाऊस झाला की मी रेनकोट घालून गाडी काढते. तलावापाशी विवेकानंदांच्या पुतळ्याजवळ थांबते, कठड्यावरून वाकून पाणी बघते आणि तिथूनच घरी फोन लावते. सासूबाई दुसऱ्या रिंगला उचलतात आणि विचारतात, केव्हाचं आहे?

“आत्ताचं, आई. सहा वाजून दहा मिनिटं. मी बघूनच राहिली.”