अमळनेरमधलं गॅसबत्तीचं दुकान: मागची खोली बघाच

तेहेतीस वर्षं नगरपालिकेत वायरमन होतो. खांबावरचे दिवे हेच माझं आयुष्य, म्हणून बोरी नदीकडे उतरणाऱ्या गल्लीतल्या या दुकानाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

धंदा बत्ती दुरुस्तीचा. पण मागच्या खोलीत दुकानदार काकांनी रस्त्यावरचे जुने दिवे जपलेत: रॉकेलचा कंदील, पाऱ्याचा दिवा, सोडियम. सोबतच्या नातवाला मी सांगितलं, मुंबईत गॅसचे दिवे १८६५ ला लागले, बंगळुरूला विजेचे १९०५ ला. पाऱ्याचा दिवा काकांनी लावून, विझवून दाखवला. गरम असताना तो लगेच पेटत नाही, निवावा लागतो. हे ठाऊक नसल्यानं लोक खांबाखाली उभे राहून आम्हाला किती बोलायचे!

मग आमची लग्नातली बत्ती काढली. नवं मेंटल, म्हणजे उजेड देणारी कापडी जाळी, बांधलं, स्पिरिटनं नळी तापवली. मेंटलचं कापड जळून पांढरी जाळी उरली, बोट लागलं तर भुगाच व्हावा अशी. पंप मारला तशी बत्ती आधी भडकली, मग सूं आवाज धरून लख्ख झाली. काका म्हणाले, "भाऊ, हाई बत्ती आजून जित्ती शे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

वॉशर बदलून, साफसफाईसकट दीडशे रुपये घेतले, रास्त आहेत. एकच खटकलं, कुठल्याच दिव्यावर चिठ्ठी नाही. काका दुकानात असतील तेव्हाच जा, आणि दिवेलागणीला जा.