वाढत्या वयाच्या मुलींसाठी ठाण्यातला जिम्नॅस्टिक्स क्लास - आमचा अनुभव

मुलगी १२ वर्षांची. उंची एकदम वाढली आणि बीमवर (अरुंद लाकडी पट्टीवर) सहज जमणारं वॉकओव्हर (हात टेकून पाय वरून पलीकडे नेणं) अडखळायला लागलं, आधीच्या क्लासमध्ये लगेच "वजन वाढलंय, भात बंद करा" सुरू झालं, मला ते अजिबात पटलं नाही म्हणून इकडे आणलं.

इथल्या मॅडम दर महिन्याला उंची मोजतात, उभी आणि बसलेली दोन्ही. त्यांनी नीट समजावलं की मुलींची उंची साधारण १२ च्या आसपास सगळ्यात जोरात वाढते, वर्षाला ८ सेंमीच्या आसपास, हातपाय लांब झाले की हवेत गिरकी घ्यायला जास्त जोर लागतो आणि ताकद मात्र थोडी मागून येते, त्यामुळे स्कोअर खाली जाणं नॉर्मल आहे. टाचा, गुडघे, मनगटं याच काळात दुखतात म्हणून लँडिंगचे राउंड कमी करून बेसिक्स आणि स्ट्रेंथ वाढवली. पाळीबद्दलही मोकळेपणाने विचारतात, अनियमित झाली तर डॉक्टरकडे पाठवतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

रोमानियाची नादिया कोमानेची १९७६ ला ऑलिम्पिक गोल्ड जिंकली तेव्हा १४ वर्षांची होती म्हणून "लवकर जिंकलं पाहिजे" असं अजून बऱ्याच पालकांच्या डोक्यात आहे, पण १९९७ पासून मुलींच्या सीनियर आंतरराष्ट्रीय स्पर्धांना किमान वय १६ आहे आणि आपल्या दीपा कर्माकरने २०२४ ला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत व्हॉल्टचं (धावत येऊन टेबलावरून उडी) गोल्ड घेतलं ते ३० व्या वर्षी!!

फोम पिट (सुरक्षित पडण्यासाठी फोमने भरलेला खड्डा) नाही, ही मोठी कमतरता. फी पण जास्त आहे. संध्याकाळची बॅच फुल असते, सकाळची मागा.