ऑटिझमच्या मुलासाठी इअरमफ: घ्यावेत का?

आवाज कमी करणारे मुलांचे इअरमफ गणपतीच्या तोंडावर मागवले. आमचं घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. विसर्जनाला डॉल्बी लागला की तावदानं थरथरतात आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा पलंगाखाली शिरतो. त्याला ऑटिझम आहे.

कान पूर्ण झाकणाऱ्या दोन वाट्या, आत स्पंज, वर लहान-मोठी होणारी पट्टी. चार्जिंगची भानगड नाही. मिक्सर, कुकरची शिट्टी, शेजारचं ड्रिल यांना उत्तम, आणि हाक मारलेली ऐकू येते. डॉल्बीचा कर्कशपणा जातो, पण बेसचा दणका छातीत बसतो तो बसतोच. महाद्वार रोडच्या गर्दीत नेऊ नका. आम्ही गल्लीच्या तोंडाशी थांबलो. एरवी दोन्ही हात कानांवर असतात; यंदा त्यानं ओंजळीत खिरापत घेतली आणि एकेक खोबऱ्याचा तुकडा वेचून खाल्ला. मला रडूच आलं.

तोटे आहेत. घाम फार येतो, कानामागे वळ उठतात, चष्मा असेल तर फट राहते. आमच्या थेरपिस्ट सांगतात, दिवसभर घालू नका, साधे आवाजही टोचायला लागतात.

ऑटिझमला विकार म्हणावं का, यावर पालकांत वाद होतात. आवाज-स्पर्शाचा असा त्रास 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या अमेरिकी पुस्तिकेत, निदानाच्या निकषांत आला. पण 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. डॉल्बीपुढे कान झाकणाऱ्या पोरात काय बिघडलंय? तरीही, साध्या शिट्टीनं तो कळवळतो, रात्र रात्र झोपत नाही, पोटात दुखतंय की डोकं, हे सांगता येत नाही. याला नुसतं वेगळेपण म्हणून सोडून देणं मला पटत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, म्हणून प्रमाणपत्र मिळालं, निरामय या दिव्यांगांसाठीच्या सरकारी योजनेचा 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमा निघाला. निदानच पुसलं तर हे कशाच्या जोरावर मागायचं? माझं मत, नोंद राहू दे.

शाळेत "सगळ्यांसारखं बसू दे" म्हणत मफ काढायला लावले, तेव्हा मी तेच प्रमाणपत्र पुढं ठेवलं. आता मफ दप्तरात असतात, लागतील तेव्हा तो स्वतः काढून घालतो.

जरूर घ्या. पट्टी वाढणारीच बघा, आणि सणाच्या आधी घरात थोडी थोडी सवय लावा.